परदेशी घरकामाला जाणाऱ्या बायका: कमाई तिची, कागद कुणाच्या नावावर?

अबोली
सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार. ठाणे-नवी मुंबईतल्या दिघा, विटावा, रबाळे या पट्ट्यात मी बचत गटांबरोबर काम करते. अलीकडे बैठक उठली की एखादी बाई मागे रेंगाळते आणि विचारते, "ताई, कुवेतला घरकामाला जायचं म्हटलं तर कसं?" कुणाला मस्कतहून ओळखीच्या बाईने बोलावलेलं असतं, कुणाच्या दारी एजंट येऊन गेलेला असतो.

त्यांचा हिशेब सरळ आहे. ऐरोली-घणसोलीच्या सोसायट्यांत चार घरची धुणीभांडी, लादी करून महिन्याला दहा-बारा हजार पदरात पडतात. त्यातून खोलीचं भाडं, गॅस, मुलांच्या फिया. कुवेतने २०१६ साली घरकामगारांचं किमान वेतन ६० दिनार ठरवलं, म्हणजे आजच्या भावाने सतरा हजारांच्या आसपास. कतारमध्ये मार्च २०२१ पासून किमान १,००० रियाल, म्हणजे तेवीस-चोवीस हजार. आकडा काही डोळे दिपवणारा नाही. पण राहणं-खाणं मालकाकडे, त्यामुळे हाती येईल ते जवळजवळ सगळं शिल्लक. इथे बारा हजारांतले हजार मागे टाकताना नाकी नऊ येतात. तेव्हा या बायकांना कुणी भुलवलं म्हणून त्या जातात असं मी तरी म्हणणार नाही.

मला बोलायचंय ते पुढच्या गोष्टीबद्दल. बहारीनला बरीच वर्षं राहून आलेल्या एका ताईंनी मला त्यांची प्लास्टिकची फाइल दाखवली. एक्सचेंज हाऊसच्या पावत्या, एकाखाली एक नीट लावलेल्या. थर्मल कागद असल्यामुळे निम्म्या पावत्यांवरची अक्षरं उडालेली. उरलेल्या वाचता आल्या त्यांवर पैसे घेणाऱ्याचं नाव दिराचं, कारण तेव्हा घरात बँक खातं त्यांचंच होतं. त्या पैशातून दिघ्यात खोली घेतली. नोटरीचा कागद नवऱ्याच्या नावावर, लाइट बिल सासूबाईंच्या नावावर. ताईंच्या नावावर त्या फाइलखेरीज काही नाही. आता नवऱ्याशी पटत नाही आणि खोलीवर हक्क सांगायला हातात पुरावा नाही.

परदेशी कमाईने बाई सक्षम होते, हे वाक्य आपण सहज बोलून जातो. मी इतकी घरं पाहिल्यावर माझं मत झालंय की कमाईने घर सक्षम होतं. बाई व्हायची असेल तर खातं, खोली, विमा, पासपोर्ट हे सगळं तिच्या नावावर आणि तिच्या हातात असायला हवं, आणि त्याची तयारी विमानात बसायच्या आधी व्हायला हवी. ज्यांना या कामाची, बँकेची, कायद्याची माहिती आहे त्यांनी इथे लिहा. मी ती वस्तीत पोचवेन.

---

घणसोलीकर
सोमवार, रात्री ११:०५

ताई, कळकळ समजते, पण मी आधीचाच प्रश्न विचारतो. जाऊच का द्यावं? मी सौदीत दम्मामला नोकरी केली आहे. आम्हा पुरुषांना निदान कँप असतो, चार माणसं बरोबर असतात, सुट्टीच्या दिवशी बाजारात जाता येतं. घरकामाची बाई बंद दाराआड एकटी. कफाला पद्धतीत तिचा व्हिसा मालकाशी बांधलेला. तिने घर सोडलं की मालक 'पळून गेली' म्हणून तक्रार देतो आणि बिचारी एका दिवसात बेकायदा ठरते. सौदीने २०२१ मध्ये कामगारांना नोकरी बदलायची मोकळीक दिली, पण घरकामगारांना त्यातून वगळलं. म्हणजे जिला सगळ्यात जास्त गरज तिलाच नाही.

बायकांना कमी लेखायचा हेतू नाही. पण आपल्या बहिणीला पाठवाल का, असं कुणी मला विचारलं तर मी नाहीच म्हणेन.

---

रानजाई
मंगळवार, सकाळी ७:४०

घणसोलीकर दादा, तुमची काळजी खरी आहे. पण 'जाऊ देऊ नका' हा उपाय सरकारांनी करून पाहिलाय. इंडोनेशियाने २०१५ साली पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेकडच्या २१ देशांत घरकामाला बायका पाठवणं बंद केलं. बायका जायच्या थांबल्या नाहीत, फक्त कागदाशिवाय जायला लागल्या. आपल्याकडेही थोडंफार तसंच झालंय. कसं ते सांगते, कारण इथेच बायका फसतात.

१९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे जाण्याआधी सरकारी तपासणी हवी) असं येतं. असा पासपोर्ट असला की आखाती देश, मलेशिया, जॉर्डन, लेबनॉन धरून १८ देशांत नोकरीला जाण्याआधी 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'ची मंजुरी लागते. मुंबईचं त्यांचं ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात विदेश भवनात आहे. ईसीआर बाईला घरकामासाठी जायचं तर वय ३० पूर्ण हवं. शिवाय २०१६ पासून अशा बायकांची भरती खासगी एजंटाला करता येत नाही, सरकारी भरती संस्थांमार्फतच व्हायला हवी. केरळची नोर्का रूट्स हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव.

नियम चांगल्या हेतूने केले. पण दिघ्यातल्या बाईच्या दारात नोर्का येत नाही, एजंट येतो. तो पहिला प्रश्न विचारतो, "दहावी झालीये का?" झाली असेल तर यातलं काहीच लागू नाही, सरळ नोकरीचा व्हिसा. नसेल तर म्हणतो, "हरकत नाही, व्हिजिट व्हिसावर दुबईला नेतो, तिथून पुढे मस्कतला पाठवतो, कागद तिकडे करू." या एका वाक्यावर बाईने उठून जायला हवं. व्हिजिट व्हिसावर गेलेल्या बाईचा सरकारदरबारी कामाचा करार नाही, विमा नाही, मालकाचं नाव नाही. उद्या काही झालं तर ती पर्यटक म्हणून गेली होती एवढीच नोंद.

बाकी दोन गोष्टी. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि पावती द्यावीच लागते. त्याची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नावानिशी तपासता येते. दुसरं म्हणजे प्रवासी भारतीय बीमा योजना: दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५, आणि मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख. ईसीआरवाल्यांना सक्तीची आहे, पण दहावी झालेल्या बाईलाही घेता येते. पावणेतीनशे रुपयांसाठी कुणी मागे राहू नये. विम्यावर वारस कोण लिहिलाय तेही बघा. मी पाहिलेल्या बहुतेक कागदांवर न विचारताच नवऱ्याचं नाव घातलेलं असतं. मुलीचं घालायचं असेल तर तो तिचा हक्क आहे.

---

शमा_कौसा
मंगळवार, दुपारी १:२०

अबोलीताई, तुमच्या त्या फाइलवाल्या ताईंचं वाचून माझी खालाच (मावशी) डोळ्यांपुढे आली. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, आता कौशाला. आमच्याकडे आखात म्हणजे परसदार, पण जातात ते पुरुष. खाला विधवा झाल्यावर मस्कतला गेली तेव्हा घरात आठवडाभर कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. पहिला पैसा आला आणि बोलणं आपोआप सुरू झालं.

तिचे पैसे बँकेतून यायचेच नाहीत. तिकडे एकाला रियाल द्यायचे, इकडे दुसरा माणूस घरी येऊन रोख देऊन जायचा. भाव दोन पैसे जास्त मिळतो म्हणून सगळे खूश. हुंडीच ती. गावच्या घराला दुसरा मजला चढला, दोन भाच्यांची लग्नं झाली. खाला परत आली तेव्हा त्या मजल्यावरची एक खोली 'तिची' होती, म्हणजे तोंडी. भावाच्या पश्चात त्याच्या मुलांनी ती भाड्याने दिली. घरपट्टीवर नाव भावाचं. पैसे पाठवल्याचा कागद शून्य.

तिला बेकायदा काही करायचं नव्हतं. सगळे तसंच करत होते, तिने तेच केलं. पण त्या दोन पैशांच्या भावात तिने पुरावा गमावला, हे मला फार लागतं.

सोनं मात्र तिच्याकडे राहिलं. दर सुट्टीला थोडं थोडं करून आणलं. ते तिच्या अंगावर होतं म्हणून तिचं राहिलं.

---

पासबुक
मंगळवार, संध्याकाळी ६:३०

बँकेत आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. शमाताई, तुमच्या खालांसारख्या बायका काउंटरवर खूप पाहिल्या. जे मला काउंटरवर सांगायला वेळ मिळायचा नाही ते इथे सविस्तर सांगतो.

नोकरीसाठी परदेशी गेलेली व्यक्ती फेमा या परकीय चलनाच्या कायद्याने अनिवासी ठरते. तिचं इथलं साधं बचत खातं, जनधन असलं तरी, एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथल्या पैशासाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. तिकडची कमाई पाठवायला एनआरई खातं उघडावं. त्यावरचं व्याज अनिवासी असेपर्यंत करमुक्त, आणि पैसे परत बाहेर नेता येतात. घरकाम करणारी बाई एनआरआय कशी, असं मला काउंटरवर खुद्द बायकांनीच विचारलंय. पासपोर्ट, नोकरीचा व्हिसा आणि करार असेल तर ती एनआरआयच. आयटीवाल्याला जे खातं मिळतं तेच तिला मिळतं.

आता मुद्द्याचं. घरच्यांना खर्चाला पैसे हवेत म्हणून सगळे नवऱ्याच्या खात्यात पाठवतात. त्याऐवजी जवळच्या निवासी नातेवाइकाचं नाव एनआरई खात्यात जोडता येतं, पण ते 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' या अटीवर. म्हणजे बाई हयात असेपर्यंत व्यवहार तिच्याच सहीने, दुसऱ्याचा अधिकार तिच्यानंतर. घरखर्चासाठी मुखत्यारपत्र द्यायचं तर देता येतं. त्यावर इथले खर्च भागवता येतात, पण मुखत्याराला त्या खात्यातून कुणाला भेट म्हणून रक्कम देता येत नाही. याहून सोपी वाट म्हणजे ठरलेली रक्कम दरमहा घरच्या खात्यात आपोआप जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवायची. पंधरा हजारांतले सात घरी, आठ तिच्या खात्यात. घरच्यांशी वाद घालत बसावं लागत नाही, बँक परस्पर करते.

मोबाईल नंबर हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. ओटीपी ज्याच्या फोनवर, खातं त्याचं. बाई निघताना सिम नवऱ्याकडे किंवा मुलाकडे ठेवून जाते आणि खाते नावापुरतं तिचं उरतं. भारतातलं सिम रोमिंग चालू करून बरोबर न्यायचं, नाहीतर तिकडचा नंबर बँकेत नोंदवायचा.

पावत्यांबद्दल: थर्मल कागद टिकत नाही. महिन्याला एक फोटो काढून स्वतःच्या ईमेलवर टाकायचा.

शमाताईंच्या सोन्याबद्दलही एक भर. वर्षाहून जास्त परदेशी राहून परतणाऱ्या बाईला ४० ग्रॅमपर्यंतचे दागिने सीमाशुल्काशिवाय आणता येतात. बाकीच्या अटी येण्याआधी बघून घ्याव्यात.

---

खाडीपूल
मंगळवार, रात्री ९:१५

धागा फार महत्त्वाचा. दोन शंका. सगळे आखाताचंच बोलतायत, सिंगापूरचं काय? आणि ज्या बाईची मुलं लहान आहेत त्यांचं इथे कोण बघतं? आमच्या कळव्यात एका घरात आई गेल्यावर आठवीतल्या मुलीची शाळा सुटली, धाकट्या भावंडांसाठी. आई पैसे पाठवते ते त्या मुलीच्या शिक्षणासाठीच.

---

सुमन_तुर्भे
बुधवार, सकाळी ११:५०

मी कुवेतला होते. फोनवर बोलून लिहितेय, सगळं लेकीने वाचून दाखवलं.

काम इथल्यापेक्षा वेगळं असतं हे कुणी सांगत नाही. इथे चार घरी जाते पण प्रत्येक घरातून बाहेर पडते. तिथे घर एकच, तीन मजली, आणि बाहेर पडणं नाही. सकाळी मुलांचे डबे, मग बाथरूम, मग बाहेरच्या ओट्यावरची वाळू. वाऱ्याचा दिवस असला की दुपारपर्यंत परत तेवढीच वाळू. रमजानमध्ये सगळं उलटं होतं. संध्याकाळच्या इफ्तारीची भांडी धुऊन होईतो पाहुणे, ते उठले की सेहरीची तयारी. झोप सकाळी. त्या महिन्यात माझे पाय सुजायचे. मालकीण वाईट नव्हती. तिने मला गोळ्या आणून दिल्या पण काम कमी केलं नाही.

पासपोर्ट पहिल्या दिवशीच घेतला. कायद्याने ठेवता येत नाही हे मला तिथल्या एका तेलुगू बाईने सांगितलं. कडप्याची होती, त्यांच्या गावच्या पुष्कळ बायका तिकडे आहेत, त्यांना सगळं माहीत असतं. माणसं ओळखीची असणं हे मोठं बळ. आपल्याकडच्या बायका एकेकट्या जातात.

मी मागितला पासपोर्ट. लगेच मिळाला नाही, पुन्हा पुन्हा मागितला तेव्हा दिला.

घरचं सांगते. माझ्या बहिणीने माझी दोन्ही लेकरं सांभाळली. मी तिला दर महिन्याला वेगळे पैसे पाठवायचे, तिच्या खात्यात, तिच्या नावाने. नवरा म्हणाला बहिणीला कशाला पैसे. मी म्हटलं मी तिथे दुसऱ्याची मुलं सांभाळते तर मला पगार मिळतो, ती माझी सांभाळते तर तिला का नको. त्यामुळे लेकीची शाळा सुटली नाही. आता ती नर्सिंगला आहे.

आता नवऱ्याला रिक्षेचं कर्ज काढायचं होतं तर आधी मला विचारलं. मी हप्ता किती ते बघितलं आणि एवढं मोठं नको म्हणाले. नाही काढलं.

---

रानजाई
बुधवार, दुपारी २:३०

सुमनताई, तुम्ही बहिणीला पगार दिलात हे मी प्रत्येक ठिकाणी सांगणार आहे. आठवीतल्या मुलीचं उत्तर त्यातच आहे. आई गेल्यावर घरातलं काम नाहीसं होत नाही, ते कुणाच्या तरी अंगावर पडतं, आणि फुकट करून घ्यायचं म्हटलं की घरातली मोठी मुलगी सापडते.

कुवेतच्या कायद्याबद्दल भर घालते. २०१५ चा ६८ क्रमांकाचा कायदा फक्त घरकामगारांसाठी आहे. दिवसाला जास्तीत जास्त १२ तास, आठवड्याची सुट्टी, वर्षाला पगारी रजा, आणि नोकरी संपल्यावर दर वर्षामागे एक महिन्याचा पगार. हा शेवटचा भाग बायकांना माहीतच नसतो. चार वर्षं काम केलं तर निघताना चार पगार मागायचे, त्यासाठी कराराची प्रत स्वतःकडे हवी. कतारमध्ये २०२० पासून मालकाच्या ना-हरकतीशिवाय नोकरी बदलता येते, घरकामगारांनाही.

सिंगापूर: वय किमान २३, आठ वर्षांचं शिक्षण, आणि २०२३ पासून महिन्यातली निदान एक सुट्टी पैसे देऊनही रद्द करता येत नाही. ते ईसीआर देशांत नाही, त्यामुळे इथल्या मंजुरीची भानगड नाही, पण संरक्षणही तेवढंच कमी. एजंटांची कर्जं तिथे जड असतात. पहिले कित्येक पगार कापून जातात, ते आधी लिहून घ्यावं.

अडचण आली तर परराष्ट्र खात्याचं 'मदद' पोर्टल आहे, इथल्या नातेवाइकालाही तक्रार नोंदवता येते. दूतावासाचा नंबर फोनमध्ये ठेवू नका, पाठ करा. फोन काढून घेतला जातो.

---

घणसोलीकर
बुधवार, रात्री १०:२०

सुमनताईंचं वाचलं. बहिणीला पाठवणार नाही या मतावर मी अजून आहे. पण तिने जायचं ठरवलंच तर पासबुक काकांनी लिहिलेलं सगळं मीच तिला करून देईन.

एक विचारायचं राहिलं. आपल्या सोसायटीत काम करणाऱ्या बायकांना आठवड्याची सुट्टी कुठल्या कायद्याने आहे? सुमनताईंना कुवेतमध्ये निदान कागदावर होती.

---

अबोली
गुरुवार, सकाळी ८:३०

दादा, बरोबर जागी बोट ठेवलंत. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण तो नोंदणी आणि मदतीपुरता. पगार किती, सुट्टी किती, त्यात काही नाही. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०११ साली झाला, १८९ क्रमांकाचा. भारताने अजून त्याला मान्यता दिलेली नाही. इथे ज्या कामाला काम म्हणून किंमत नाही, तेच काम तिकडे केलं की पगाराचा आकडा तरी ठरलेला असतो. ऐरोलीच्या बाईला मस्कत जवळ वाटतं त्याचं हे एक मोठं कारण आहे. सुट्टीच्या दिवशी पैसे न कापणं एवढं तरी आपल्या इमारतींत कायद्याची वाट न बघता करता येईल. यावर वेगळा धागा काढते, इथे भरकटायला नको.

रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, देशात सर्वांत जास्त, केरळच्याही वर. त्यात सुमनताईंचे दिनारही आहेत. तेव्हा एनआरई खात्याचा फॉर्म मागितला की काउंटरवरच्या माणसाने वरपासून खालपर्यंत बघू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

खोलीबद्दल. घर नोंदणीकृत असेल आणि बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत एप्रिल २०२१ पासून आहे. पण दिघ्यातल्या बऱ्याच खोल्या नोटरीवरच विकल्या जातात, तिथे ही सवलतही नाही आणि मालकीही नाही. २०१५ मध्ये हायकोर्टाच्या आदेशावरून दिघ्यातल्या बेकायदा इमारती पाडल्या गेल्या तेव्हा लोकांची आयुष्यभराची पुंजी त्यात गेली. म्हणून आखाताचा पैसा नोटरीच्या खोलीत घालू नका असं मी सगळ्यांना सांगते. उशीर झाला तरी चालेल, थोडं लांब, कल्याण-बदलापूरकडे घ्यावं लागलं तरी चालेल, पण नोंदणीचं आणि स्वतःच्या नावाचं घ्या. आधीच खोली घेतली असेल तर निदान लाइट बिल आणि घरपट्टी नावावर करून घ्या.

पासबुक काका, शनिवारी दुपारी दिघ्याला बैठक आहे. तीन जणी निघायच्या तयारीत आहेत, एकीचं तिकीटही झालंय. याल का?

---

पासबुक
गुरुवार, सकाळी ९:१०

येतो. तिघींना पासपोर्ट, व्हिसा, करार आणि पॅन यांच्या दोन-दोन झेरॉक्स आणायला सांगा. पॅन नसेल तर आजच अर्ज करा, त्याला वेळ लागतो. आणि सिम कुणाच्या नावावर आहे ते विचारून ठेवा, नवऱ्याच्या नावावर असेल तर शनिवारच्या आधी बदलून घ्यावं लागेल.

---

शमा_कौसा
गुरुवार, सकाळी ९:४५

मी खालाला घेऊन येते. बँकेचं तिला काही कळत नाही, पण मस्कतमध्ये कुठल्या गोष्टी पहिल्याच दिवशी बोलून घ्यायच्या ते तिला विचारा.